लॅबबाहेरची पायरी

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या कॉम्प्युटर लॅबला दोन पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर सगळ्यांनी चपला काढायच्या. वरच्या पायरीवर, महिन्यातले चार दिवस, आम्ही मुली बसायचो. म्हणजे त्या आठवड्यात जिला अडचण आली असेल ती. आमच्याकडे पाळीला अडचण म्हणतात, आणि ती नेमकी कुणाची अडचण असते हे विचारायची पद्धत नाही.

हे गाव धारूरच्या घाटाखालचं, माझ्या आत्याचं. आमचं स्वतःचं घर शिरूर कासारकडच्या कोरड्या मुलखात. दिवाळी झाली की माय आणि बाप ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचे. मी दहावी झाले आणि घरात प्रश्न उभा राहिला की हिला कुठं ठेवायची. सोबत न्यावी तर पोरगी ऊस तोडायला लागते. तोडायला लागली की मुकादमापासून चुलत्यापर्यंत सगळ्यांना तिचं लग्न सुचायला लागतं, कारण तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणी दहावीनंतर अशाच कुणाच्या तरी कोयत्यातला अर्धा वाटा होऊन गेल्या.

"हिला उसात न्यायची न्हाई," माय म्हणाली. "मी हाय तवर न्हाई."

बाप वाईट माणूस नाही, पण चार लोकांत उठणारा-बसणारा. त्यानं मधला रस्ता काढला. मी आत्याकडे राहून अकरावी सायन्सला जायचं, कॉम्प्युटर घ्यायचा. "बारावीला कॉम्प्युटरात चांगले मार्क पडले तर शिक म्हणावं पुढं. न्हाई पडले तर मंग मला कुणी आडवं यायचं न्हाई." मायनं मान हलवली. मी पण हलवली. प्रॅक्टिकलचे मार्क हातचे असतात, असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं.

लॅबचा थाट देवघरासारखा होता. आत एसी नव्हता, पंखाही एकच, पण प्रत्येक मशीनवर जुन्या साडीची खोळ होती. शिपाई मावशीनं ती हातानं शिवलेली. सरांच्या मशीनच्या वर भिंतीला सरस्वतीचा फोटो, त्याला रोज उदबत्ती. खंडेनवमीला मॉनिटरना हळदी-कुंकवाची बोटं लागायची, की-बोर्डांवर झेंडू पडायचा आणि सर स्वतः नारळ फोडायचे. एका की-बोर्डाची स्पेसबार त्या नारळाच्या पाण्यानं कायमची चिकटली होती. तिच्यावर अंगठा जोरात आपटावा लागे. त्याच दिवशी आमच्या घरी माय कोयत्यांना धार लावून पाटावर मांडायची आणि कुंकू लावायची. मला या दोन पूजांचा अभिमान वाटायचा. वाटायचं, आपण कोयत्यावरून उठून कॉम्प्युटरवर आलो.

पहिल्याच महिन्यात मावशीनं मला दारात हटकलं.

"तुला अडचण हाय ना? मंग आत कावून चालली? सरस्वती हाय आत."

तिला कसं कळलं कोण जाणे. बाईमाणसाचं तिला चालीवरून कळायचं म्हणतात. मी शरमेनं लाल झाले आणि पायरीवर बसले. मावशी दुष्ट नव्हती, हेच मला आजही जड जातं. बसायला तिनं घडी करून खोळ आणून दिली, मधल्या सुट्टीत आपल्यातला अर्धा कप चहा दिला, पोटावर हात ठेवला असता तर ओवाही दिला असता. फक्त आत सोडलं नाही. नियम कुठं लिहिलेला नव्हता. प्राचार्यांना विचारलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते. सर मात्र हजेरी घेताना पायरीवरच्या मुलीची "हजर" लावायचे आणि खिडकीकडे बघायचे नाहीत. सर चांगले आहेत, त्यांना बिचाऱ्यांना यातलं काय कळणार, असं मी बरेच दिवस समजत होते.

लॅबमध्ये माझ्या मशीनवर माझ्यासोबत जी मुलगी होती ती बौद्ध घरातली, तिची आई अंगणवाडीत होती. त्यांच्या घरात ना सरस्वती, ना विटाळ. तरी तिलाही पायरी चुकली नाही. ती माझ्यासारखी शरमणारी नव्हती. तिनं मावशीला तोंडावर विचारलं, "मावशी, सरस्वती तुमची. मंग पायरी मला कावून?"

"लॅब समद्यांची हाय," मावशी म्हणाली.

मग आम्ही दोघींनी एक रीत बसवली. पायरीला लागूनच लॅबची खिडकी होती, गजांची. जी बाहेर असेल तिनं प्रोग्राम सांगायचा, जी आत असेल तिनं टाइप करायचा. आतली हळू आवाजात काय दिसतंय ते सांगणार, बाहेरची काय बदलायचं ते सांगणार. हळूहळू इतर जोड्याही तसंच करायला लागल्या. सरांनी आम्हाला ड्राय रन शिकवला होता. मशीन न लावता आपणच मशीन व्हायचं. कागदावर रकाने आखायचे, प्रोग्राममधल्या प्रत्येक आकड्याला एक रकाना, आणि एकेक ओळ वाचत कुठला आकडा कधी बदलतो ते लिहीत जायचं. आत बसलेली मुलं ते कशाला करतील? बटण दाबलं की उत्तर येतंच. आम्हाला बटण नव्हतं, म्हणून आम्ही रकाने भरायचो. मला त्यात गोडी लागली. एखादा प्रोग्राम कुठं अडणार हे मला खिडकीतून न बघता सांगता यायला लागलं. पायरीनं मला हे शिकवलं, हे खरं आहे, आणि हे खरं असल्याचा मला राग येतो.

त्याच वर्षी तोडीला जायच्या आधी मायनं पिशवी काढली. गर्भाशय म्हणायची आमच्याकडे सवय नाही, पिशवीच म्हणतात. टोळीतल्या इतर बायकांनी आधीच काढलेली होती. दर महिन्याला पोट धरून मोळ्या उचलायच्या, एखादा दिवस खोपीत पडून राहावं तर मुकादमाची बोलणी खायची, यापेक्षा काढून टाकलेली बरी, असं एकीनं दुसरीला सांगितलेलं. डॉक्टरनंही सांगितलं, लेकरं झालीत, आता तिचं काय काम. माय दवाखान्यातून आली तेव्हा उशीला टेकून म्हणाली, "कटकट गेली एकदाची." तिला चाळिशीही लागली नव्हती. नंतर थंडीतसुद्धा तिला दरदरून घाम यायचा, आणि कंबर अशी धरायची की उठताना ती दाराच्या चौकटीला हात लावायची. पण मला तेव्हा वाटलं, सुटली बिचारी.

बारावीचं प्रॅक्टिकल जवळ आलं. बाहेरगावचे परीक्षक येणार, चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत निघेल तो प्रोग्राम करून दाखवायचा. दोन वर्षं पायरी चालली, पण परीक्षेला काय करायचं? त्याचीही तोड पोरींकडे तयार होती. पाळी पुढं ढकलायची गोळी. गौरी बसायच्या वेळी घराघरातल्या बायका घेतात तीच. आत्यानं मला विचारलंसुद्धा नाही, मेडिकलमधून आणून ताटाशेजारी ठेवली. "आजपासून घे. परीक्षा झाली की सोड." कॉम्प्युटरसाठी गोळी घेणारी मी बहुधा आमच्या खानदानातली पहिलीच बाई. मी हसले होते, हे आठवतं.

गोळी सुरू करायला उशीर झाला होता की आणखी काही, परीक्षेच्या सकाळी आली ती आलीच.

मी फक्त माझ्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "गप आत जा. तोंडावर लिहिलंय का तुझ्या?" मी पाय धुतले, दोनदा धुतले, आणि दारातून आत गेले. मावशी उदबत्ती लावत होती. तिनं वळून पाहिलं, पण आज परीक्षा, आज सगळ्या पोरी गोळ्या घेऊन आलेल्या, तेव्हा तिनं माझी चाल बघितली नसावी. मला मात्र चोराच्या मनात चांदणं. फोटोकडे बघायचं टाळत मी माझ्या स्टुलावर बसले. बापाचं वाक्य डोक्यात होतं, कुणी आडवं यायचं न्हाई.

चिठ्ठी सोपी निघाली. दिलेल्या संख्येचा पाढा छापा. एवढं सोपं की मला रडू यायचं तेवढं राहिलं. मी झटपट लिहिलं, चालवलं, संख्या विचारली तेव्हा सतरा दिली.

पडद्यावर आलं, सतरा एके सतरा. मग पुन्हा सतरा एके सतरा. मग पुन्हा. ओळीमागून ओळ, नळ फुटावा तशी, सतरा एके सतरा, सतरा एके सतरा, सगळा पडदा भरून वर सरकायला लागला आणि थांबेना.

आज कुठल्याही पोरानं असं केलं तर मी हसत सांगीन काय चुकलंय. त्या दिवशी माझ्या मनात प्रोग्रामचा विचार आलाच नाही. माझ्या मनात आलं, झालं. आपण आत आलो म्हणून. दोन वर्षं रकाने भरणारी, कारणाशिवाय काही घडत नाही हे शिकलेली मी, मी की-बोर्डावरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले, आणखी काही बिघडू नये म्हणून. शेजारून मैत्रीण ओठांनी काहीतरी सांगत होती, ते मला दिसत होतं आणि कळत नव्हतं.

परीक्षक आले. साधे गृहस्थ होते, चष्मा कपाळावर. "काय झालं?"

"मशीन बिघडलं सर."

"मशीन बरं आहे की. तू सांगितलंस तेच करतंय." त्यांनी दोन बटणं एकदम दाबून तो पूर थांबवला. "वेळ आहे अजून. शोध."

मी पडद्याकडे बघत राहिले. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. हात मांडीवरून उचलायची हिंमत होईना. मग मी जे बोलले ते माझं मलाच नवल वाटतं. "सर, मी बाहेर बसून शोधू का?"

"बाहेर? अगं मशीन आत आहे."

"बाहेर मला सापडतं."

परीक्षक गोंधळून आमच्या सरांकडे बघायला लागले. सरांचे कान लाल झाले होते. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या सर तिला. इथंच बसेल, पायरीवर." तेव्हा मला कळलं की सरांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. मावशी दारातून बाजूला झाली. तिच्याही ध्यानात आलं होतं. तिनं लगबगीनं घडी केलेली खोळ तेवढी पायरीवर टाकली.

मी बसले, कोऱ्या पानावर रकाने आखले आणि मशीन झाले. पहिल्या फेरीला एक. दुसऱ्या फेरीला एक. तिसऱ्या फेरीला एक. इथंच घोडं पेंड खात होतं. फेरी मोजणारा आकडा मी वाढवलाच नव्हता. एकाचे दोन करायला सांगितलंच नव्हतं, तर मशीन बिचारं कशाला करील? नेहमीच्या सवयीनं मी गजांशी तोंड नेलं आणि कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ घालायची ते सांगितलं. आत माझ्या स्टुलावर आता परीक्षक बसले होते. त्यांनी स्वतःच्या हातानं ती ओळ घातली. थोड्या वेळानं खिडकीतून त्यांचा आवाज आला. सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, असं ते एकशे सत्तरपर्यंत मोठ्यानं वाचत गेले. वर्गातली मुलं टाळ्या वाजवायला लागली.

परीक्षक दारात आले. "हुशार आहेस. पण बाहेर का बसावं लागतं?"

मी मागं पाहिलं. आत वीसेक जण होते, सर होते, मावशी होती. सगळे जमिनीकडे बघत होते. मैत्रीण तोंड उघडायला लागली, तर सरच घाईनं म्हणाले, "तिला बाहेर मोकळं वाटतं सर. चहा घेऊ या." आणि त्यांना घेऊन गेले.

मार्क पैकीच्या पैकी पडले. बापाचा शब्द राहिला. माझं पुढचं सगळं, पुणे, इंजिनिअरिंग, ही नोकरी, त्या पाढ्यातून निघालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या दिवसापासून एकच वाटत आलंय, की माझा कुणीतरी घोर अपमान केला आणि मीच टाळ्या घेतल्या.

मायला मी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी फोन केला. ती फडात होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज. मी सगळं सांगितलं, गोळीसकट. तिला वाटलं काही ऐकायचं राहिलं.

"पर तू भाईर कावून बसली?"

"अडचण होती म्हणून. कॉम्प्युटरची पूजा होते ना. सरस्वती असते."

माय म्हणाली, "कोयत्याला बी हळद-कुंकू लावतो की आपण. कोयता कधी म्हणला का, चार दिस मला हात लावू नको?"

मला बरं वाटलं. माय माझ्या बाजूनं आहे असं वाटलं. मी म्हणाले, "तेच तर."

"म्हणला असता तर बरं झालं असतं बाई," माय म्हणाली. "चार दिस बसले असते निवांत. पिशवी तरी राहिली असती."

मग मुकादमानं हाक मारली असावी, कारण ती "ठिवते" म्हणाली आणि फोन बंद झाला. मी फोन हातात धरून आत्याच्या अंगणात रडले. तिच्यासाठी रडत होते की माझ्यासाठी, ते मला वेगळं करता आलं नाही. आजही येत नाही. एकीला कुणी बसू दिलं नाही, दुसरीला कुणी उठू दिलं नाही, आणि दोन्हीकडे कुंकू तेच.

गेल्या वर्षी आत्याकडे लग्नाला गेले होते. कॉलेज वाटेवरच होतं. लॅबला आता रंग दिलाय, मशीनं नवी आहेत, सर बदलून गेलेत, मावशी मात्र आहे. तिनं मला ओळखलं, गालावरून हात फिरवला, आणि वरच्या पायरीवर बसलेल्या एका मुलीला म्हणाली, "हीच ती. जी मी तुला सांगितली."

मुलगी धडपडून उठली. तिच्या मांडीवर लिहायचं पॅड होतं, कागदावर रकाने आखलेले. खाली ती घडी केलेली खोळ, साडी दुसरी. "ताई, तुमीच का? मावशी समद्या पोरींला तुमचंच सांगती. पायरीवर बसून पैकीच्या पैकी पाडले म्हणून. म्हणती, भाईर बसल्यानं कुणाचं काय आडत न्हाई."

मावशी कौतुकानं हसत होती. मी त्या मुलीचा दंड धरून तिला दाराकडे वळवलं. "ऊठ. आत जा. तुझ्या मशीनवर बस."

तिनं दंड सोडवून घेतला. उद्धटपणा नव्हता त्यात, तिला खरंच कळत नव्हतं.

"कावून ताई?" ती म्हणाली. "तुमी तर हितंच बसून केलं ना?"

आणि ती पुन्हा पायरीवर बसली, आणि रकाने भरायला लागली.